मायनर

फॉर्मवर 'मेजर'पुढे मी अकाउंटिंग लिहिलं, एका झटक्यात.
खालच्या रकान्यात स्टुडिओ आर्ट लिहिताना
पेन अडलं, दोनदा झटकावं लागलं.
खिडकीतला माणूस म्हणाला,
अठरा क्रेडिट. सहा विषय. मातीची फी वेगळी.
जणू कुणाला पुरायचा खर्च सांगत होता.

आई म्हणाली, "मायनर?
आपल्या घरात एक होऊन गेला, तेवढा पुरे."
ऐकायला दोन्ही शब्द सारखेच.
आजोबा, आर्वो, एकतीस वर्षं इश्पेमिंगच्या खाली
लोखंड खणत होते.
त्यांचे शर्ट आई वेगळ्या टबात धुवायची,
तरी पाणी गेरूचं व्हायचं
आणि गेरू काही टबात थांबायचा नाही.
पडदे, उशा, तिच्या लग्नातला टेबलक्लॉथ:
पांढरं म्हणून घरात काही राहिलंच नाही.

मंगळवारी सकाळी ताळेबंद, दुपारी कोळसा.
नावे-जमा मला झोपेतही येतं.
पण कॉर्दिएरबाई टेबलावर स्टूल उलटं ठेवतात
आणि म्हणतात, स्टूल काढू नका.
त्याच्या पायांमधली हवा काढा.

तीन तास मी हवेचा हिशेब ठेवला.
जुळला नाही.
बाई मागे येऊन उभ्या राहिल्या,
त्यांच्या स्वेटरला भिजल्या कुत्र्याचा वास.
"डावीकडची हवा जाड झालीये," म्हणाल्या
नि पुढच्या ईझलकडे गेल्या.

तेव्हापासून ती दिसतेच.
बसच्या दांड्यांमध्ये, जेवणाच्या रांगेत दोघांच्या कोपरांमध्ये,
आणि गावाबाहेर, तारेच्या कुंपणापलीकडे,
जिथे खाण खचली नि एक अख्खी गल्ली रिकामी करावी लागली.
तिथे पायऱ्या आहेत अजून.
चार पायऱ्या, वर चढलं की हवा.
ही कुणी काढली नाही.

मेजरवाल्यांना खिडकी मिळते, कपाट, कुलूप.
आम्हाला भिंतीवर एक खिळा
आणि भट्टीची रात्रपाळी.
फेब्रुवारी, रात्रीचे दोन, बाहेर पारा शून्याच्या खाली,
आत दोन हजारांवर.
दर तासाला वहीत आकडा लिहायचा.
एल्डन, नर्सिंगचा, शरीरशास्त्राच्या पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचा
आणि उठल्यावर गालावर उलटी अक्षरं.
माझी पहिली तीन भांडी तडकली.
चौथ्याला मी जे लावलं ते कुणाला सांगितलं नव्हतं:
तळघरात आजोबांचे बूट आहेत,
त्यांच्या तळव्यांच्या खाचांतून चाकूने खरवडलेलं
जेमतेम चमचाभर.

भट्टीतून निघालं तेव्हा लाल नव्हतं.
पावाच्या जळक्या कडेसारखं, काठावर जरा तांबूस.
गॅलरी मेजरवाल्यांची.
आमचं प्रदर्शन बोळात,
पिण्याच्या पाण्याचा नळ आणि बाथरूमच्या मध्ये.
लोक पाणी प्यायला वाकत तेव्हा दिसत आमची चित्रं.

आई शाळेच्या स्वयंपाकघरातून तशीच आली,
डोक्यावरची जाळी काढायची विसरून.
माझी वाडगी बघितली. कार्ड वाचलं नाही.
काठावरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा जोरात,
मग बोट उजेडात धरून बघितलं.
स्वच्छ होतं.
"बुटांचं?"
मी मान हलवली.
"धुतलं तर जाईल?"
"नाही. आता पक्कं आहे."

ती बराच वेळ तिथेच.
कुणाला तरी पाणी हवं होतं, तिने सरकून जागा दिली.
म्हणाली, "एकतीस वर्षं मी ते काढत होते."
आणि मग, कोट चढवता चढवता,
"मला एक चपटं कर. बेसिनजवळ ठेवायला."

पुढच्या सत्राची मातीची फी तिने भरली.
चेकच्या कोपऱ्यात, कारण लिहायच्या जागी,
तिच्या तिरक्या अक्षरात: साबणदाणी.